कोणती मेंढी कधी विणार? मेंढ्याला रंगपट्टा बांधून हिशेब ठेवण्याची रीत

खानदेशात मृगाच्या पावसानंतर फळलेल्या (मेंढ्याकडून गाभण राहिलेल्या) मेंढ्या दिवाळीच्या पुढेमागे विणायला लागतात. नेमकं त्याच वेळी साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी आणि धनगर मेंढपाळ बिऱ्हाड घेऊन चाऱ्यामागे निघालेले असतात किंवा निघायच्या बेतात असतात. मोकळ्या होत चाललेल्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायची बोलणी सुरू असतात आणि रात्रीचा पारा उतरू लागलेला असतो. आज कोण विणणार, आठवड्याने कोण, महिन्याने कोण, हे ठाऊक नसलं की सगळ्या कळपाला एकाच मापाने सांभाळावं लागतं. खुराक सगळ्यांना द्यायची ऐपत नसते, म्हणून तो कोणालाच मिळत नाही. कोकरू भर वाटेत पडतं, रात्री थंडीत राहतं, आणि सकाळी मोजणीत एक कमी भरतं.

यावर एक साधा उपाय आहे. फळवण्याच्या हंगामात मेंढ्याच्या छातीला पट्ट्यात बसवलेली रंगाची कांडी बांधायची. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या वरच्या भागावर, रंग उमटतो. याला मार्किंग हार्नेस म्हणतात. इथे आपण त्याला रंगपट्टा म्हणू. परदेशात हा सर्रास वापरतात. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही, आणि त्याच्याविषयीची माहितीही बहुतेक पांढऱ्या मेंढ्या आणि थंड हवा धरून दिलेली असते. आपली दख्खनी मेंढी काळी आणि आपला जून तापलेला, त्यामुळे ती माहिती जशीच्या तशी लागू पडत नाही.

आधी मेंढीचं चक्र लक्षात घ्या

मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते. दोन दिवस इकडे, दोन-तीन दिवस तिकडे होतं, पण हिशेबाला १७ धरा. माज टिकतो २४ ते ३६ तास. गायीसारखी ती हंबरत नाही, म्हशीसारखा सोटही (चिकट स्राव) दिसत नाही, त्यामुळे मेंढा सोबत नसेल तर माणसाला माज कळतच नाही. मेंढ्याला मात्र वासावरून कळतो. आपण रंगाने त्याच्या कामाची नोंद ठेवतो, एवढंच.

गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांना पाच-सहा दिवस कमी. वहीत लिहायला सोपी रीत अशी, की जून-जुलैतल्या तारखेत पाच महिने मिळवा आणि सहा दिवस वजा करा. १५ जूनला फळलेली मेंढी ९ नोव्हेंबरच्या आसपास विणते.

मेंढ्याची तयारी एप्रिलपासून

रंगपट्टा जूनमध्ये लागतो, पण मेंढ्याकडे एप्रिलमध्येच बघायला घ्या. कारण बीज तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. जूनच्या मध्यावर मेंढा जे बीज देणार ते त्याच्या अंगात एप्रिलच्या शेवटापासून घडत असतं, आणि आपल्याकडे तोच काळ सगळ्यात वाईट. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४३-४४ ला सहज जातो, धुळ्याकडेही फार दिलासा नसतो. अंडाला (वृषणाला) शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. दिवसभर उन्हात फिरलेल्या किंवा तापाने फणफणलेल्या मेंढ्याचं बीज बिघडतं आणि ते सुधारायला पुन्हा तेवढेच आठवडे जातात. बाहेरून मेंढा ठणठणीत दिसतो, चढतो, रंगही लावतो. मेंढी मात्र गाभण राहत नाही.

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फळवायच्या नरांना दुपारी ११ ते ५ दाट सावलीत ठेवा. कडुनिंब, चिंच, बाभूळ यांची सावली पत्र्याच्या शेडपेक्षा बरी. पत्रा उलट भट्टीसारखा तापतो. पाणी पुरेसं द्या आणि ते सावलीत ठेवा. चारणी पहाटे आणि सांजेला करा. लोकर वाढलेली असेल तर कातरून घ्या, मात्र कातरल्या-कातरल्या भर उन्हात सोडू नका.

अंड हाताने तपासा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, दाबल्यावर टणक आणि लवचिक लागायला हव्यात. गाठ, सूज, एक बाजू लहान किंवा पिळपिळीत असेल तर तो मेंढा बाद धरा. मग खूर, दात, डोळे पाहा. मागच्या पायाने लंगडणारा मेंढा चढायला कचरतो आणि हंगाम वाया घालवतो. नवा मेंढा घ्यायचा असेल तर याच वेळी घ्या. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे चौकशी करता येते. स्वतःच्याच कळपातला मेंढा वर्षानुवर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींवर चढतो, हे टाळायला दर दोन वर्षांनी मेंढा बदला.

खुराकात मका, बाजरी, थोडी शेंगदाण्याची पेंड चालेल. आपल्या भागात सरकी हाताशी असते म्हणून लोक तीच भरपूर घालतात. गाभण मेंढीला माफक चालते, पण फळवायच्या मेंढ्याला सरकी आणि सरकीची पेंड कमीच द्या. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं आणि जास्त प्रमाणात गेलं तर ते नराचं बीज बिघडवतं. हे ऐकून कापूसपट्ट्यातले मेंढपाळ नाक मुरडतात, पण ऊन आणि सरकी दोन्ही एकाच मेंढ्यावर लादायची काही गरज नाही.

फळवण्याआधी निदान महिनाभर मेंढे कळपापासून दूर ठेवा. नुसतं कुंपण पुरत नाही, वास आणि आवाजही पोचू नये. महिन्याने अचानक मेंढा दिसला की बऱ्याच मेंढ्यांचं चक्र जागं होतं. पण त्या वेळची पहिली पाळी अनेकदा मुकी जाते, म्हणजे स्त्रीबीज सुटतं पण माज येत नाही. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत खुणा थोड्या आणि अडीच-तीन आठवड्यांनी एकदम भराभर, असं चित्र दिसलं तर घाबरू नका.

एका वयस्क मेंढ्याला २५ ते ३० मेंढ्या पुरे. पहिल्यांदाच सोडलेल्या तरण्या मेंढ्याला १२-१५ पेक्षा जास्त नकोत. माद्यांनाही मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पावशेरभर धान्य किंवा चांगला हिरवा चारा मिळाला तर जास्त मेंढ्या माजावर येतात. पाऊस वेळेवर झाला तर हे काम माळावरचं कोवळं गवतच करतं.

मे महिन्यात मेंढ्याला सावली देणं ज्यांना जमत नाही, त्यांनी मेंढा १५ जूनला न सोडता जुलैत सोडावा असं माझं मत आहे. विणणं पुढे जातं आणि डिसेंबरच्या थंडीत सापडतं हे खरं. पण थंडीला गोणपाट आणि शेकोटी तरी आहे, बिघडलेल्या बीजाला काहीच नाही.

काळ्या अंगावर कोणता रंग

पांढऱ्या मेंढ्यांसाठी नियम सोपा आहे. आधी फिका रंग, मग गडद. पिवळा, मग नारिंगी किंवा लाल, मग निळा, म्हणजे नवा रंग जुन्यावर उठून दिसतो. दख्खनी मेंढी काळी, काळपट तपकिरी किंवा काळी-पांढरी. तिच्यावर निळा, जांभळा, गडद लाल हे रंग लावले काय आणि न लावले काय. तिथे उलटा क्रम घ्या. आधी नारिंगी किंवा तांबडा, मग चटक हिरवा, शेवटी पिवळा किंवा पांढरा. कळपात दोन्ही रंगांच्या मेंढ्या असतील तर बहुसंख्येचा क्रम धरा आणि बाकीच्यांची खूण त्याच दिवशी वहीत घ्या.

कांड्या विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहा. त्या हवामानाप्रमाणे कडक-मऊ येतात. आपल्याला गरम हवेसाठी असलेली कडक कांडी लागते. थंड हवेची मऊ कांडी जूनच्या दुपारी वितळून मेंढ्याच्याच पोटाला फासते. उलट पावसाची झड लागून गारवा आला की कडक कांडी रंग सोडत नाही. अशा वेळी कांडीचा वरचा थर चाकूने खरवडून ताजा भाग उघडा करा. नव्या कांडीवर प्लास्टिकचं वेष्टण असेल तर ते काढायला विसरू नका. बांधण्याआधी दोन-तीन मेंढ्यांच्या पुठ्ठ्यावर कांडी हाताने घासून पाहा. दहा पावलांवरून दिसत नसेल तर रंग बदला.

हंगामाआधी मेंढीच्या पुठ्ठ्यावरची लोकर शेपटीच्या वर वीतभर कातरून घेतली तर खूण जास्त स्पष्ट येते. लोकरीच्या टोकांवर बसलेला रंग पावसात आणि काटेरी झुडपांत लवकर झडतो.

पट्टा बांधणे

तयार पट्टा जाड नायलॉनचा किंवा चामड्याचा असतो. मध्ये कांडी बसवायची चौकट, तिला चार टोकं. वरचे दोन पट्टे मानेच्या दोन्ही बाजूंनी खांद्यावर जातात, खालचे दोन पुढच्या पायांच्या मागून काखेखालून वर येतात, आणि चारही पाठीवर खांद्याच्या उंचवट्याशी जुळतात. गावात चामड्याचं काम करणारा कारागीर असेल तर नमुना दाखवून तो करून देऊ शकतो. कडा मऊ करून घ्या, शिलाईची गाठ आतल्या बाजूला येऊ देऊ नका.

मेंढ्याला भिंतीला लावून उभा करा, एकाने तोंड धरा. कांडीची चौकट छातीच्या हाडावर, पुढच्या दोन पायांच्या बरोबर मधे बसली पाहिजे. ती मानेकडे सरकली तर रंग मेंढीला लागतच नाही, आणि पोटाकडे गेली तर चालताना आपटते. पट्टे आवळल्यावर खाली दोन बोटं सरकतील एवढी ढील ठेवा. मग मेंढ्याला चालवा, बसवा, उठवा. चौकट तिरपी होत असेल तर पट्टे पुन्हा सारखे करा. कांडीची आडवी पिन नीट दुमडून घ्या. ती निसटली तर कांडी रानात पडते आणि तुमच्या लक्षात दोन दिवसांनी येतं.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासा. नवा पट्टा ओढ खाऊन सैल होतो. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी काखेत हात घाला. मेंढा या काळात चारा सोडून मेंढ्यांमागे धावतो, वजन उतरतं, पट्टा हलायला लागतो आणि काखेत घासतं. एरवी एवढंसं खरचटणं चालून जातं, पण पावसाळ्यात माश्या बसून जखमेत दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. लाली दिसली की पट्टा काढा, कातडी कोरडी करा, जखम असेल तर पशुवैद्यकाकडून फवारा घ्या आणि तोपर्यंत दुसरा मेंढा वापरा.

आणखी एक सोपी युक्ती. मेंढा चोवीस तास कळपात ठेवू नका. सांजेला मेंढ्या जाळीच्या कुंपणात आल्या की पट्टा बांधलेला मेंढा आत सोडा, सकाळी चरायला निघताना काढून घ्या. गारव्यात तो जास्त काम करतो, दिवसा विश्रांती आणि खुराक मिळतो, आणि कांडीही उन्हात वितळत नाही. शिवाय चारणीत दुसऱ्याच्या कळपाची गाठ पडली तर आपला मेंढा त्यात जाऊन रंग उधळत नाही. दुसऱ्याचा मेंढा आपल्या कळपात घुसला तर मात्र त्याची खूण कुठेच नसते. तो दिसला की तो दिवस वहीत लिहून ठेवा.

पट्टा मिळाला नाही तर

गेरू आणि तेल. पट्टा येण्याच्या कितीतरी आधीपासून परदेशातले मेंढपाळही तांबडी माती तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला फासत. गेरू, भिंतीला लावायची पिवडी आणि खडूची पूड हे तीन रंग रंगाच्या किंवा किराणा दुकानात मिळतात, आणि काळ्या मेंढीवर हाच क्रम बरोबर बसतो. कोणत्याही खायच्या तेलात पिठल्याइतकं घट्ट कालवा आणि छातीच्या हाडावर तळहाताएवढ्या जागेत चोळा. पट्ट्याच्या मानाने कष्ट जास्त, कारण दर दुसऱ्या दिवशी लावावं लागतं आणि जोरात पाऊस झाला तर त्याच दिवशी पुन्हा. पण जखमेची भीती नाही. ट्रॅक्टरचं जळलेलं ऑईल, ऑईलपेंट आणि चुना मात्र कधीही वापरू नका. कातडी भाजते आणि लोकरीतला डाग धुऊन जात नाही.

रोज सकाळी काय पाहायचं

जाळीतून एकेक मेंढी बाहेर काढताना पुठ्ठा पाहा. शेपटीच्या वर, दोन्ही बाजूंना पसरलेला ठसठशीत पट्टा म्हणजे मेंढा नीट चढला. कुशीवर किंवा मांडीवर एखादी फिकट रेघ म्हणजे नुसती धक्काबुक्की, ती धरू नका. शंका असेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

वहीत तीन रकाने पुरतात: मेंढीचा क्रमांक, रंग, तारीख. कानात सरकारी बिल्ला असेल तर त्याच्या १२ आकड्यांपैकी शेवटचे चार लिहा. बिल्ला नसेल तर मेंढपाळाला प्रत्येक मेंढी ओळखू येतेच, पण वही दुसऱ्याच्या हातात गेली की ‘बांड्या कानाची’ आणि ‘मोठी काळी’ यांचा काही उपयोग नसतो.

५० मेंढ्या नियमित चक्रात असतील तर रोज सरासरी तीन खुणा नव्याने दिसायला हव्यात (५० भागिले १७). एखाद्या दिवशी एकही नाही, एखाद्या दिवशी सहा, हे चालायचंच. सलग चार-पाच दिवस एकही खूण नसेल तर आधी कांडी पाहा, मग मेंढा. कांडी ठीक आणि मेंढा नुसताच उभा असेल तर तो आजारी, लंगडा किंवा कळपातल्या दुसऱ्या मेंढ्याला घाबरलेला आहे. दोन मेंढे एकत्र असले की दांडगा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, आणि दांडग्याचंच बीज खराब असलं तर सगळा हंगाम बुडतो. म्हणून प्रत्येक मेंढ्याला वेगळा गट द्या. ते शक्य नसेल तर दोघांना वेगवेगळे रंग द्या, म्हणजे निदान काम कोण करतोय ते कळेल.

सतरा दिवसांनी रंग बदला

आमच्याकडे म्हणतात, “रंग लागना म्हंजे गाभन व्हयनी.” नाही. रंग लागला म्हणजे मेंढा चढला, एवढंच. गाभण राहिली की नाही हे दुसरा रंग सांगतो, आणि पट्ट्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

१५ जूनला पहिला रंग लावला असेल तर २ जुलैला दुसरा, १९ जुलैला तिसरा, आणि ५ ऑगस्टला मेंढा बाहेर. असे तीन फेरे झाले की मेंढीला फळायच्या तीन संधी मिळतात. पहिला रंग लागलेली मेंढी गाभण असेल तर ती पुन्हा माजावर येत नाही, त्यामुळे दुसरा रंग तिला लागत नाही. लागला तर ती उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही.

काही मेंढ्या उलटणारच. पहिल्या रंगाच्या दहातल्या दोन-तीन मेंढ्यांना दुसरा रंग लागला तर कळप ठीक चाललाय. दहातल्या पाच-सहांना लागला, तर माद्यांना दोष देऊ नका. मेंढ्याचं बीज बिघडलंय, आणि खानदेशात त्याचं पहिलं संशयित कारण मे महिन्यातलं ऊन. त्याच दिवशी मेंढा बदला. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हे कळलं तर हंगाम वाचतो. रंग नसता तर नोव्हेंबरमध्ये पोटं दिसली नाहीत म्हणून कळलं असतं. मेंढा लगेच विकायची गरज नाही. गारवा आल्यावर दोन महिन्यांनी तो पुन्हा कामाचा होऊ शकतो. पशुवैद्यकाकडून बीज तपासून घेता आलं तर उत्तम.

एखाद्या मेंढीला सात-आठ दिवसांतच दुसऱ्यांदा रंग लागला तर घाई करू नका. ती पहिली खूण खोटी असू शकते किंवा चक्रच विस्कळीत असू शकतं. पण नियमित १७ दिवसांनी येणारी खूण मात्र खरी धरा.

रंगावरून गट

मेंढा काढला की वहीतून तीन याद्या करा. प्रत्येक मेंढीची शेवटची खूण धरायची. पहिलाच रंग असलेल्या ९ ते २५ नोव्हेंबरदरम्यान विणतील, दुसऱ्या रंगावरच्या २६ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर, तिसऱ्यावरच्या १३ ते २९ डिसेंबर. रंग दोन-तीन महिन्यांत उडतो, म्हणून याद्या ऑगस्टमध्येच करा किंवा कानाला, गळ्याला रंगीत दोरा बांधा.

पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. म्हणजे पहिल्या गटाला सप्टेंबरच्या अखेरपासून खुराक चालू करायचा, तिसऱ्या गटाला ऑक्टोबर संपता संपता. जेवढं धान्य आधी सगळ्यांत वाटलं जायचं तेवढंच आता गरजेच्या मेंढ्यांना पुरतं. आंत्रविषाराची (आतड्यांच्या विषारी रोगाची) लस विण्याआधी साधारण महिनाभर दिली की तिची ताकद चिकातून कोकराला मिळते. तीही आता गटागटाने देता येते. लसीची नेमकी तारीख तुमच्या पशुवैद्यकाला यादी दाखवून ठरवा.

फिरत्या बिऱ्हाडाला याद्यांचा सगळ्यात मोठा फायदा मुक्कामात होतो. पहिल्या गटाचं विणणं उरकेपर्यंत गावाजवळच थांबायचं, की त्या मेंढ्या घरी ठेवून बाकीचा कळप पुढे न्यायचा, हे दिवाळीआधी ठरवता येतं. रोज किती कोकरं घोड्यावर आणि खांद्यावर न्यावी लागतील याचा अंदाज आला की मजलही तशीच बेताची ठेवता येते.

ज्या मेंढीला एकही रंग नाही ती म्हातारी, अगदी रोड किंवा आधीच गाभण असेल. पोट चाचपून किंवा सोनोग्राफीने खात्री करा. जिला तिन्ही रंग लागले ती नेहमीच उलटणारी असू शकते. एक हंगाम संधी द्यायची तर द्या, पण तिचा क्रमांक वहीत लाल शाईने लिहा. पुढच्या वर्षीही तसंच झालं तर ती बाजाराची.

मेंढा काढल्यावर पट्टा कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, चामड्याचा असेल तर खोबरेल चोळा, आणि उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी टांगा. उरलेल्या कांड्या माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कांड्या पुढच्या मे महिन्यात एकमेकींना चिकटून एकच गोळा होतात.